रेक्की पलटणीचा माग काढायचा तर शेजाऱ्यांच्या फायली उघडा

दुसऱ्या महायुद्धात आजोबा कुठे लढले, एवढं शोधून द्या, अशी विनंती घेऊन येणाऱ्या ब्रिटिश कुटुंबांची कामं मी करते. इतिहासात एम.ए. करायला इंग्लंडला आले, प्रबंधाला रेकॉनिसन्स कोर, म्हणजे टेहळणी दल, हा विषय घेतला, आणि पुढे तेच कागद पोटापाण्याचे झाले. म्हणजे निम्म्या पोटाचे. उरलेलं निम्मं शिकवण्यांवर भरतं. मराठी विद्यार्थ्यांचे निरोप अधूनमधून येतात: लष्करी कागदपत्रांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? बाकीच्या पलटणींबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी रेक्कीबद्दल, म्हणजे या दलाच्या टेहळणी पलटणींबद्दल सांगते, कारण तिथली वाट जरा वाकडी आहे.

रेकॉनिसन्स कोर १४ जानेवारी १९४१ रोजी उभी राहिली. प्रत्येक पायदळ डिव्हिजनला तिची स्वतःची टेहळणी पलटण असावी, हा हेतू. काम सांगायला सोपं आणि करायला जिवावरचं: सगळ्यांच्या पुढे जायचं, पूल शाबूत आहे का ते बघायचं, गोळी कुठून येते ते स्वतःवर झेलून कळवायचं. हलक्या चिलखती गाड्या, ब्रेन कॅरिअर नावाच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या, ट्रकमधून येणारी असॉल्ट ट्रूप, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा वायरलेस. तीन स्क्वॉड्रन तीन रस्त्यांवर, प्रत्येकीच्या ट्रूप त्याहून पांगलेल्या. पलटण अख्खी एका जागी सापडली तर ती बहुधा विश्रांतीवर असणार.

इथेच नवख्याची पंचाईत होते. वॉर डायरी, म्हणजे पलटणीची रोजची अधिकृत नोंदवही, लिहिली जाते रेजिमेंटच्या मुख्यालयात. लिहिणारा अॅडज्युटंट नाहीतर इंटेलिजन्स ऑफिसर, आणि त्याच्या हाती येतं ते वायरलेसवरून कानावर पडलेलं. पुढे कुठल्याशा गावाच्या वळणावर एखादी ट्रूप तासभर अडकून लढली असेल, तर डायरीत तिची एक ओळ होते. शिवाय एखादी स्क्वॉड्रन आज या ब्रिगेडच्या हाताखाली, उद्या त्या. म्हणून माझ्या मते रेक्कीची निम्मी हकीकत तिच्या स्वतःच्या फायलीत नसतेच. ती डिव्हिजनच्या, ब्रिगेडच्या, शेजारच्या बटालियनच्या, कधी इस्पितळाच्या फायलीत असते. कामाचा आराखडा आखतानाच हे धरून चाला.

आधी नावांचा घोळ निस्तरून घ्या. पलटणीचा आकडा साधारणपणे डिव्हिजनचाच असतो: ४३ व्या वेसेक्स डिव्हिजनची ४३ वी रेक्की, १५ व्या स्कॉटिशची १५ वी. पण ५६ वी रेक्की लढली ७८ व्या डिव्हिजनबरोबर, आणि ५६ व्या डिव्हिजनकडे होती ४४ वी रेक्की. नॉर्मंडीत ५० व्या डिव्हिजनपुढे होती ती ६१ वी. आकड्यावर विसंबून डिव्हिजनची फाइल मागवलीत तर दिवस फुकट. दुसरी गोष्ट, जून १९४२ पर्यंत या पलटणींना बटालियन म्हणत आणि त्यांच्या तुकड्यांना कंपनी आणि प्लॅटून. रेजिमेंट, स्क्वॉड्रन, ट्रूप ही घोडदळी नावं त्यानंतरची. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजच्या, म्हणजे सरकारी दप्तरखान्याच्या, ऑनलाइन कॅटलॉगमध्ये १९४१ सालासाठी ‘रेजिमेंट’ टाकून शोधलं की हाती काही लागत नाही आणि लोक म्हणतात कागद हरवले. १ जानेवारी १९४४ ला ही कोर रॉयल आर्मर्ड कोरमध्ये गेली आणि १९४६ मध्ये बंद झाली. त्यामुळे तिचं सामान आज रणगाडेवाल्यांकडेही सापडतं; बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमचा संग्रह म्हणूनच बघावा लागतो.

डायऱ्यांचे गठ्ठे युद्धभूमीप्रमाणे लावले आहेत. पलटण इंग्लंडात असताना डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) १६६, ट्युनिशियात डब्ल्यूओ १७५, मध्यपूर्वेत १६९, इटलीत १७०, नॉर्मंडी ते जर्मनी १७१, बर्मा आणि आग्नेय आशिया १७२. वैद्यकीय तुकड्यांचा गठ्ठा वेगळा, १७७. पलटण जहाजात बसली की मालिका बदलते, हे लक्षात ठेवलं तरी बरंच काम सोपं होतं.

फाइल उघडली की पहिल्यांदा निराशा होते, हे आधीच सांगून ठेवते. आर्मी फॉर्म सी.२११८ नावाचा छापील तक्ता असतो: जागा, तारीख, वेळ, घडामोडींचा गोषवारा, आणि उजवीकडे परिशिष्टांचा अरुंद रकाना. कागद पातळ, टाइप कार्बनची, कुठे शिसपेन्सिल. मजकूर सगळा संक्षेपांत. अधिकाऱ्यांची नावं येतात, साध्या शिपायाचं नाव जवळजवळ कधीच येत नाही. ज्या नातवाने पैसे मोजून काम दिलंय त्याला ‘आजोबांचं नाव यात नसणार’ हे मी पहिल्याच पत्रात कळवते. नंतर सांगितलं की फसवल्यासारखं वाटतं.

खरा ऐवज त्या अरुंद रकान्यात आहे. ‘अपेंडिक्स’ म्हणून जे लावलेलं असतं, त्यात ऑपरेशन ऑर्डर, संदेशांची नोंदवही, ट्रेसिंग कागदावरचे नकाशे, आणि दर आठवड्याचे फील्ड रिटर्न म्हणजे संख्याबळाचे तक्ते निघतात. कधी परिशिष्ट जाडजूड, कधी पार गायब. संदेशवही मिळाली तर ती डायरीच्या आधी वाचा. डायरीतली ओळ सावकाशीने, सगळं निवळल्यावर लिहिलेली असते. वहीतला संदेश त्या मिनिटाचा. वेळेपुढचं अक्षरही सोडू नका. १९४४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश फौजा ग्रिनिचच्या दोन तास पुढची वेळ पाळत होत्या, तिची खूण ‘बी’. ‘झेड’ असेल तर ग्रिनिच. दोन फायली ताडून बघताना या दोन तासांनी अख्खी चकमक पुढेमागे होते.

नकाशाचे सहा आकडे म्हणजे शंभर मीटरच्या चौकोनाचा पत्ता: पहिले तीन पूर्वेकडे, पुढचे तीन उत्तरेकडे. पण ते त्या काळच्या ग्रिडचे. आजच्या मोबाइलच्या नकाशात घातले तर भलतीकडेच जाल. नॉर्मंडीसाठी ब्रिटिश लष्कराच्या जीएसजीएस ४२५० मालिकेतले एकास पन्नास हजाराचे नकाशे समोर ठेवून बसावं लागतं. याला पर्याय नाही, आणि खरं सांगायचं तर या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच आहे.

शेजाऱ्यांच्या फायली म्हणजे नेमकं काय, हे ४३ व्या रेक्कीवरून सांगते. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या ५ व्या बटालियनमधून ही पलटण घडवलेली. जून १९४४ मध्ये ती डेरीकनिही नावाच्या मालवाहू जहाजातून नॉर्मंडीला निघाली. वादळामुळे किनाऱ्याला लागता येईना, जहाज नॉर्मंडीच्या स्वोर्ड बीच या किनाऱ्यासमोर ताटकळत उभं राहिलं. २४ जूनच्या सकाळी जहाज हलवायला इंजिन सुरू केलं आणि खाली पेरलेला सुरुंग फुटला. जहाजाचे दोन तुकडे झाले, मागचा तुकडा बघता बघता बुडाला, आणि त्याच्या तळात माणसं झोपलेली होती. पलटणीची १८३ माणसं गेली. शत्रूचा एक सैनिकही दृष्टीस पडायच्या आधी.

आता बुडालेल्या पलटणीने त्या दिवशीची डायरी किती सविस्तर लिहावी अशी अपेक्षा करणार? ती फाइल वाचाच, पण तिथे थांबू नका. जहाजाच्या हालचालींची कार्डं व्यापारी नौकांच्या कागदांत, बीटी ३८९ मध्ये आहेत. त्या किनाऱ्यावरच्या नौदलाचे अहवाल अॅडमिरल्टीच्या फायलींत. वाचलेल्यांना किनाऱ्यावर घेणाऱ्या बीच ग्रुपच्या डायऱ्या १७१ मध्ये, जखमींना हाताळणाऱ्या वैद्यकीय तुकड्यांच्या १७७ मध्ये. डिव्हिजनच्या मुख्यालयाची ‘जी’ शाखेची (लढाईची आखणी करणारी शाखा) डायरी सांगेल की टेहळणी पलटण अशी अर्धमेली झाल्यावर पुढचं नियोजन कसं बदललं. ‘ए’ आणि ‘क्यू’ शाखेच्या कागदांत माणसं आणि गाड्या भरून काढण्याचा हिशेब. रोजच्या हताहतांच्या याद्या डब्ल्यूओ ४१७ मध्ये. ज्यांचे देह मिळालेच नाहीत त्यांची नावं नॉर्मंडीतल्या बायू मेमोरियलवर कोरली आहेत. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात, मृत्यूची तारीख घालून गाळता येतात. ही यादी काढून तिच्यातले सैनिकी क्रमांक बघा. १९२० नंतर ब्रिटिश सैन्यात प्रत्येक रेजिमेंटला क्रमांकांचा ठरावीक पट्टा दिलेला होता आणि माणूस कुठेही बदलून गेला तरी क्रमांक तोच राहायचा. ग्लॉस्टरच्या पट्ट्यातले क्रमांक किती आणि बाहेरचे किती, हे मोजलं की पलटणीत मूळची माणसं किती उरली होती ते कुठल्याही फाइलीत लिहिलेलं नसताना कळतं. प्रबंधाचं अख्खं प्रकरण एवढ्यावर उभं राहू शकतं.

एकेका माणसाचा शोध असेल तर शौर्यपदकांच्या शिफारशी, डब्ल्यूओ ३७३, आधी बघा. डायरीत एका ओळीत उरकलेली चकमक तिथे परिच्छेदभर असते, आणि शिपायांची नावंही असतात. अर्थात शिफारस करणाऱ्याला पदक मिळवून द्यायचं असतं, तेव्हा विशेषणं गाळून वाचायचं. व्यक्तीची सेवापुस्तिका हा सगळ्यात भक्कम पुरावा. हे लाखो दस्तऐवज २०२२ पासून संरक्षण मंत्रालयाकडून नॅशनल अर्काइव्हजकडे टप्प्याटप्प्याने येत आहेत. अर्ज कुठे करायचा, आधी तपासा. उत्तराला महिने लागू शकतात, त्यामुळे हा अर्ज प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात, बाकी सगळं नंतर.

क्यूमधल्या वाचनालयाचे नियम: रीडर्स तिकीट फुकट मिळतं, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे न्या. रविवार-सोमवार बंद. आत फक्त पेन्सिल. शाईचं पेन, खोडरबर, खाऊ, सगळं लॉकरमध्ये. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो मोफत, फ्लॅश बंद ठेवून. फोटो काढताना दर फाइलीचं मुखपृष्ठ आणि क्रमांक आधी टिपा, नाहीतर घरी आल्यावर शेकडो सारखी दिसणारी पिवळी पानं घेऊन बसाल. कोऱ्या पानाचाही फोटो काढा. पान कोरं होतं हीसुद्धा माहिती आहे. आणि फायली आदल्या दिवशीच मागवून ठेवा. भारतातून थोड्या दिवसांसाठी येणार असाल तर आधी कॅटलॉगवर पुरेसा घाम गाळा, विमानाचं तिकीट त्यानंतर. एकदोन फायलीच हव्या असतील तर प्रत मागवणं किंवा माझ्यासारख्या कुणाला पैसे देणं स्वस्त पडतं. हे मी धंद्यासाठी म्हणत नाही, हिशेब करून बघा.

मराठी विद्यार्थ्याने मात्र नॉर्मंडीच्या मागे लागण्याआधी आपल्या अंगणात बघावं असं मला वाटतं. सिंगापूरला निघालेल्या १८ व्या डिव्हिजनचा बराचसा भाग १९४१ च्या डिसेंबरअखेर मुंबईत उतरला आणि काही आठवडे अहमदनगरला होता. तिची रेक्की बटालियन मुंबईहून ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ जहाजाने गेली. ५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरच्या तोंडाशी जपानी विमानांनी ते जहाज बुडवलं, आणि दहाच दिवसांत सिंगापूर पडलं. या माणसांसाठी डायरीपेक्षा डब्ल्यूओ ३४५ मधली जपान्यांनी ठेवलेली युद्धकैद्यांची कार्डं उपयोगी. कार्ड अर्धं जपानीत असतं. त्यावर दोन तिरक्या लाल रेघा मारलेल्या दिसल्या की तो कैदेत वारला असं समजायचं.

पुढे १९४२ मध्येच ब्रिटिश २ री डिव्हिजन हिंदुस्थानात आली, नगरला तळ ठोकून राहिली आणि एप्रिल १९४४ मध्ये कोहिमाच्या लढाईत गेली. तिची टेहळणी पलटण म्हणजे २ री रेक्की, मूळची लॉयल रेजिमेंटची ६ वी बटालियन. तिच्या डायऱ्या १७२ मध्ये आहेत आणि डिव्हिजनचा संग्रह यॉर्कच्या कोहिमा म्युझियममध्ये. कोहिमावर ढीगभर लिहिलं गेलंय. नगरच्या दिवसांकडे लोक पटकन पानं उलटून पुढे जातात, कारण तिथे लढाई नाही. मी नगरची, म्हणून असेल, पण मला तीच पानं वाचायला आवडतात: सराव, कवायती, आजारपण, बदल्या. त्या काळात इकडे वारलेल्यांतले पुष्कळ जण पुण्याजवळ खडकीच्या वॉर सिमेट्रीत आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या युद्धकाळातल्या कबरी तिथेच एकत्र आणल्या गेल्या. कमिशनच्या यादीत खडकी निवडून रेकॉनिसन्स कोरची नावं काढा, तारखा मांडा, आणि मग त्याच महिन्यांची डब्ल्यूओ १७२ ची पानं आणि वैद्यकीय तुकड्यांच्या डायऱ्या मागवा. एम.ए.च्या लघुप्रबंधाला हा विषय पुरून उरेल, आणि पहिला महिना पुण्यात बसूनच निघेल.