तापातल्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

दुपारी ताप चढला, संध्याकाळी लॅबमध्ये रक्त दिलं, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला: सीआरपी (संसर्ग किंवा सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) ४. नॉर्मल म्हणून घरचे निर्धास्त झोपले. सकाळी बाळ दूध ओढेना, हातपाय गार पडलेले, आणि तेव्हा पाठवलेला सीआरपी ९० च्या पुढे. बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत ही गोष्ट नवी नाही. लॅब चुकलेली नसते, रक्त लवकर काढलेलं असतं.

ताप किती तासांचा, हे न पाहणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सीआरपी यकृतात तयार होतो. संसर्ग सुरू झाल्यावर रक्तात तो ठळक दिसायला साधारण ६ ते १२ तास जातात, मग दर आठेक तासांनी तो दुप्पट होत जातो आणि दीड-दोन दिवसांनी सर्वांत वर पोचतो. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारा असाच दुसरा घटक, जरा चपळ, ते चार-सहा तासांतच वाढू लागतं. म्हणजे पहिल्या अर्ध्या दिवसातला कमी सीआरपी 'संसर्ग नाही' असं सांगत नाही, 'अजून कळलेलं नाही' एवढंच सांगतो. उतरतानाही तो रेंगाळतो. औषध लागू पडलेलं मूल पलंगावर उड्या मारत असतं आणि आईबाबा कालचा आकडा धरून काळजीत.

लॅबच्या फॉर्मवर ताप सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. कुणी विचारणार नाही, तरी लिहा. मूल बरं दिसत असेल आणि शंका उरली असेल, तर १२ ते २४ तासांनी तपासणी पुन्हा करता येते. नवजात बाळाचं घड्याळ वेगळंच: जन्मानंतरचे पहिले दोन दिवस प्रोकॅल्सिटोनिन निरोगी बाळातही वाढलेलं असतं.

आकडा वाचला, एकक वाचलंच नाही

काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. फरक दहापट. एकदा मला फोनवर '४.८' सांगितलं गेलं आणि मी हायसं वाटून फोन ठेवला. कागद हातात आला तेव्हा एकक डेसिलिटरचं होतं, म्हणजे तो ४८ होता. तेव्हापासून फोनवर आकडा घेताना मी एकक विचारतोच.

'वाढला म्हणजे सेप्सिस, कमी म्हणजे व्हायरल'

इतकं सरळ नसतं. अ‍ॅडिनोव्हायरसमध्ये सीआरपी भरपूर चढतो, मलेरियात आणि कावासाकी आजारातही (यात मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज येते). पांढऱ्या पेशी वाढल्या की सगळे सावध होतात, पण गंभीर सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गापायी अवयव बिघडू लागतात तेव्हा, त्या उलट घटूही शकतात. आधी स्टेरॉइड दिलं असेल तर संसर्गाशिवायही वाढतात. प्लेटलेट कमी आल्या की पावसाळ्यात लगेच डेंग्यू ठरतो. सेप्सिसमध्येही त्या उतरतात, आणि कधी नमुन्याच्या नळीत रक्ताच्या गुठळ्या झाल्यामुळे नुसत्या कमी मोजल्या जातात.

सेप्सिस म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने दिलेली झुंज स्वतःच्याच अवयवांवर उलटणं. म्हणून मुलांसाठी २०२४ साली आलेल्या फिनिक्स निकषांत श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मेंदू यांचं काम मोजतात. त्यात प्लेटलेट आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) आहेत. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन नाहीत. लॅक्टेटचंही नखरेल काम: दंडाला पट्टा फार वेळ आवळला, मूल हातपाय झाडत रडलं किंवा नळी लॅबला उशिरा पोचली, तरी तो खोटा वाढतो.

अँटिबायोटिक आधी, कल्चर नंतर

पहिला डोस गेल्यावर ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू उगवण्याची शक्यता घटते. आधी कल्चर घ्यावं. मात्र शीर सापडत नाही म्हणून डोस अडवून ठेवू नये.

तान्ह्या बाळाला मोठ्या मुलाचं माप

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरून लॅब गाठू नका, थेट हॉस्पिटल गाठा. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत ८ ते ६० दिवसांच्या बाळांसाठी प्रोकॅल्सिटोनिन ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि सीआरपी २० मिलिग्रॅम प्रतिलिटर या धोक्याच्या रेषा दिल्या आहेत. पण त्या टवटवीत दिसणाऱ्या बाळांसाठी, आणि लघवीच्या तपासणीसकट. मलूल बाळाला त्या लावायच्याच नसतात.

मलूल म्हणजे काय, तेही सांगतो: उठवूनही नीट जागं न होणं, धाप, लघवी फार कमी, गार किंवा चट्टेरी पडलेली कातडी, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके. छातीच्या मधोमध बोट ५ सेकंद दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर रिपोर्टमध्ये काहीही छापलेलं असो, लगेच निघा. शॉकमधल्या, म्हणजे अवयवांना रक्त पुरेसं पोचत नसलेल्या, मुलाला पहिल्या तासातच अँटिबायोटिक द्यायचं असतं. बाहेरगावच्या लॅबला पाठवलेलं प्रोकॅल्सिटोनिन मग उद्या येईना का.