दोघांचा पहिला रॅप अल्बम: वहीपासून रिलीजपर्यंत

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, रुळांपासून हाकेच्या अंतरावर माझी दहा बाय बाराची खोली आहे. गेली सहा वर्षं तिथे मी रॅप करणाऱ्या पोरांची गाणी रेकॉर्ड करतो, मिक्स करतो. बहुतेक जण जोडीनं येतात. वर्गमित्र, गल्लीतले दोस्त, एकदा तर सख्खे भाऊ आले होते. फोनमध्ये वीस-पंचवीस गाणी लिहिलेली असतात आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य येतं, "दादा, अल्बम काढायचाय." त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी तो फोन बाजूला ठेवा. पोवाडा ऐकलाय ना? शाहीर कथा पुढे नेतो आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत त्याला श्वास घ्यायला जागा देतात, त्याचा शब्द उचलून त्याला वजन देतात. झील चुकली की शाहिराचा दम तुटतो. रॅपमधली ॲडलिब, म्हणजे मुख्य ओळीच्या मागे टाकलेली हाक किंवा शब्द, हेच काम करते. दोघांच्या अल्बममध्ये दोघंही शाहीर असतात आणि दोघंही झीलकरी, आळीपाळीनं. एक सोळा बार (म्हणजे साधारण सोळा ओळी) म्हणतोय आणि दुसरा मोबाइल बघत आपल्या पाळीची वाट पाहतोय, असं झालं की हाती येतात ते दोन सोलो. ऐकणाऱ्याला ते दुसऱ्याच गाण्यात कळतं.

म्हणून एक वही घ्या आणि दोन रंगांची पेनं. एक सोळा बारचा व्हर्स, म्हणजे कडवं, दोघांनी मिळून लिहा: आधी चार-चार ओळी वाटून, मग दोन-दोन, मग एकच ओळ अर्धी-अर्धी. पानावर दोन्ही रंग कुठे मिसळतात ते बघा. एकानं ओळ कुठे सोडायची आणि दुसऱ्यानं कुठे धरायची, ती जागा म्हणजे तुमचा अल्बम. दिल्लीच्या 'सीधे मौत' या जोडीचा २०१८ मधला पहिला अल्बम 'बयान' हेडफोन लावून ऐका. काल्म आणि एन्कोर एबीजे या दोघांच्या आवाजांचा पोत वेगळा आहे, आणि बीट, म्हणजे शब्दांमागे वाजणारं संगीत, अख्ख्या अल्बमभर एकाच माणसाचे, सेझ ऑन द बीटचे. एका बीटमेकरनं सगळा अल्बम बांधला की दोन वेगळे आवाजही एका घरातले वाटतात. पहिल्या अल्बमला मी हेच सुचवतो.

आता मराठीची एक अडचण, जी पोरांना हमखास नडते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे यमक जुळवायला बसलं की सगळ्या ओळी 'पकडली, उरली, सरली' अशा 'ली'वर जाऊन आपटतात. परवा एकानं लिहून आणलं होतं: 'शेवटची लोकल पकडली, दहाची नोट उरली.' आम्ही क्रियापद उचलून पुढे घेतलं: 'पकडली शेवटची लोकल, खिशात दहाची नोट / दारात उभा राहिलो, वाऱ्यानं भरलं पोट.' शेवटी नाम आलं की ओळीला टोक येतं आणि दुसऱ्याला उचलायला ठोस शब्द मिळतो. मोठ्या अभंगाची मांडणीही डोळ्यांपुढे ठेवा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. चौथा चरण तोकडा असतो, तिथे जागा सुटते. मी पोरांना सांगतो, ती जागा तुझ्या भिडूची.

बीट विकत घेताना सावध राहा. माझ्या स्वतःच्या पहिल्या अल्बमच्या वेळी आम्ही एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अडीच हजारांना बीट लीजवर घेतला. लीज म्हणजे मालकी नव्हे, तोच बीट तो आणखी कितीही जणांना देऊ शकतो, हे आम्ही वाचलंच नव्हतं. आमचं गाणं यायच्या दोन आठवडे आधी त्याच बीटवर दुसऱ्या कुणाचं गाणं आलं. अल्बमचं मुख्य गाणं आम्हाला काढून टाकावं लागलं. तेव्हापासून माझा आग्रह असतो की ओळखीचा बीटमेकर धरा, बीट फक्त तुम्हालाच दिल्याचं लेखी घ्या आणि स्टेम्स, म्हणजे किक, स्नेअर, बेस असे सुटे ट्रॅक, मागून घ्या. जुन्या गाण्याचा तुकडा सॅम्पल केला असेल तर तो कुठला हेही लिहून घ्या. परवानगीशिवाय वापरला तर यूट्यूबवर मूळ मालकाचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो.

बीट घ्याल त्याच दिवशी आणखी एक कागद करा. प्रत्येक गाण्यात शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट कुणाचा आणि वाटा किती टक्के, खाली तिघांच्या सह्या आणि तारीख. मैत्रीत हे कसं बोलायचं म्हणून पोरं गप्प बसतात. गाणं अजून कुणी ऐकलेलं नाही तोवर हे बोलणं सर्वांत सोपं असतं, नंतर फार जड जातं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण आहे, तो हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व दोघांनीही घ्या, बीटमेकरलाही घ्यायला लावा.

रेकॉर्डिंग. माझ्याकडे शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंतच काम चालतं. मे महिन्यातसुद्धा पंखा बंद. फ्रिजचं बटण बंद करतो, कारण विजेची ५० हर्ट्झची घरघर माइकमध्ये शिरली की शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. भिंतींना आईच्या दोन जाड गोधड्या टांगल्या आहेत, एक गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि एक बाजूला. पाठीमागची जास्त महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. खोली मोकळी असेल तर महागडा कंडेन्सर माइक घेऊ नका, तो शेजारचा कुकरही पकडतो. एसएम ५८ सारखा साधा डायनॅमिक माइक पुरतो. तोंडापासून एक वीत अंतर, मध्ये 'प', 'फ'चा फुसकारा अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरात म्हटलेली ओळ मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन, म्हणजे माइकची पातळी, ठेवा.

दोघांना एकाच वेळी एका माइकवर उभं करू नका, मिक्स करताना सोडवता येत नाही. पण दुसऱ्याला खोलीबाहेरही पाठवू नका. तो हेडफोन लावून समोर बसतो आणि ओठ हलवतो, एवढ्यानं पहिल्याची ऊर्जा बदलते. ओळ हातून हाती जाते तिथे दुसऱ्यानं पहिल्याचं शेवटचं अक्षर संपायच्या किंचित आधी सुरुवात करावी. एका रात्री फक्त 'पोट' या शब्दातल्या 'ट'वर आम्ही चौदा टेक घेतले. त्या सख्ख्या भावांतला धाकटा प्रत्येक वेळी 'ट' ऐकून मग श्वास घेत होता. पंधराव्याला त्यानं 'पो'वरच श्वास भरला आणि 'ट'च्या डोक्यावर पाय देऊन आत आला. थोरला हेडफोन काढून त्याच्याकडे बघतच राहिला. तोच टेक गाण्यात आहे.

मिक्समध्ये थोडक्यात: मुख्य आवाज मधोमध, ॲडलिब डावी-उजवीकडे, हुक, म्हणजे ध्रुवपद, दोनदा म्हणून एकमेकांवर. आवाजाखालचा ८० हर्ट्झच्या खालचा गाळ कापा. 'चाळ', 'चूक', 'चटका' यांतला दंततालव्य 'च' शिट्टी मारतो, त्यासाठी ती शिट्टी दाबणारा डीएसर लागतो, पण जास्त लावला तर 'च' बोबडा होतो. स्पॉटिफाय गाण्याची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणतं, तेव्हा मास्टर करताना, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, दाबून दाबून जीव घेऊ नका. शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका. शब्द कळत नसेल तर बीट खाली घ्या, आवाज वर नव्हे.

पंचवीसपैकी आठ-नऊ गाणी निवडा. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत १,००० प्ले मिळाले नाहीत तर त्याचे पैसे निघत नाहीत, त्यामुळे भरतीची गाणी खिशालाही उपयोगाची नाहीत. गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे अल्बम चार आठवडे आधी चढवा. प्लेलिस्टसाठी स्पॉटिफायला गाणं किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं आणि कव्हरमध्ये चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ राहतो. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा, क्रमांक वहीत उतरवून ठेवा, उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच लागेल. श्रेयनामावलीत बीटमेकरचं नाव तो स्वतः लिहितो तसंच लिहा.

आणि सगळे प्रोजेक्ट, स्टेम्स, सह्यांच्या कागदाचे फोटो दोन हार्ड डिस्कवर घ्या. एक एकाच्या घरी, दुसरी दुसऱ्याच्या.