जुन्या गाडीला पॉवर ब्रेक: बूस्टर आणण्याआधीची तयारी

जुन्या पद्मिनीला किंवा अ‍ॅम्बेसेडरला व्हॅक्यूम बूस्टर बसवायचं ठरलं की पहिली खरेदी बूस्टरचीच होते. ती शेवटी करा. बूस्टर फक्त पायाचा जोर वाढवतो. लायनर (ब्रेक शूवरचा घर्षणाचा पट्टा) तेलकट असेल किंवा ड्रम लंबगोल झाला असेल, तर तो दोष तसाच राहतो आणि त्यावर दाब मात्र वाढतो. आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना ड्रम तापून पकड सुटली, तर बूस्टर ती परत आणत नाही. म्हणून कामाला चाकापासून लागायचं आणि पेडलकडे यायचं.

गाडी पावसात उघडू नका. गणपतीच्या तोंडावर तर मुळीच नको. गॅरेजांत गर्दी असते आणि एखादा पार्ट अडला की गाडी तशीच उभी राहते. दसऱ्यानंतरची कोरडी हवा उत्तम. काम सुरू करायच्या तीन दिवस आधीपासून सगळ्या ब्लीडर निपलांवर (लाइनमधली एअर काढायच्या तोट्यांवर) आणि पाइपांच्या नटांवर सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारा. खाऱ्या वाऱ्याने जाम झालेलं निपल जोर लावला की मानेतून तुटतं. नट सोडवायला फ्लेअर नट स्पॅनर घ्या, साध्या उघड्या पान्याने कोपरे गोल होतात. खळ्यात काम करणार असाल तर जॅक स्टँडखाली जाड फळी हवीच, नाहीतर स्टँड मऊ जमिनीत रुततो.

चारही ड्रम काढा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. धूळ साबणाच्या पाण्याने भिजवून पुसायची. ड्रमचा आतला व्यास एकमेकांना काटकोनात दोन ठिकाणी मोजा. मापं जुळली नाहीत तर ब्रेक दाबताना पेडल पायाखाली थडथडणार. मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटरहून जास्त टर्निंग (लेथवर आतून घासणं) झालेला ड्रम बदलून टाका. चाकातल्या, ब्रेक शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा रबरी बूट उचलून आत ओल आहे का पाहा. ओल असेल तर नुसतं किट बदलून भागत नाही. बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) गंजाचे खड्डे असतील तर नवं रबरही त्यांवर घासून लवकर जातं. खड्डा नखाला लागला की सिलिंडर नवाच घ्या.

कोकणात सगळ्यात फसवे असतात ते स्टीलचे पाइप. वरून रंग शाबूत दिसतो, पण क्लिपखाली खारट चिखल साचून पाइप आतल्या आत पातळ होत जातो. बूस्टरमुळे लाइनमधला दाब वाढतो आणि नेमकी तीच जागा पहिल्या जोरदार ब्रेकला फुटू शकते. पेडलने तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर त्या क्षणी चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून दुहेरी सर्किटचा, म्हणजे तेलाच्या दोन वेगळ्या वाटांचा, टँडम मास्टर सिलिंडर या यादीत सक्तीचा समजा. पाइपसाठी तांबे-निकेल मिश्रधातूची ४.७५ मिलिमीटरची २५ फुटांची गुंडाळी आणा. एसीवाल्याकडचं साधं तांबं चालणार नाही, ते हादऱ्याने कडक होऊन तडकतं. आट्यांकडे डोळ्यात तेल घालून पाहा: १० मिलिमीटर आणि ३/८ इंची नट इतके सारखे दिसतात की चुकीचा नट दोन फेरे बसतोही, आणि मग आटे खातो. लवचीक होज सगळे नवे घ्या. बहुतेक गाड्यांत पुढे दोन, मागे एक.

मास्टर सिलिंडरचा बोअर अंदाजाने निवडू नका. ३/४ इंचावरून ७/८ वर गेलात तर तेवढ्याच जोराला दाब सुमारे २७ टक्क्यांनी कमी मिळतो, पेडल मात्र कमी खाली जातं. पुढे डिस्क बसवणार असाल तर मागच्या ड्रमांचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही लागेल, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

आता इंजिन, कारण बूस्टर त्याच्याच व्हॅक्यूमवर चालतो. गरम इंजिनच्या आयडलिंगला गेजवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दिसला पाहिजे. कमी असेल तर टायमिंग, मॅनिफोल्डचं (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट आणि व्हॉल्व्ह आधी बघा. बूस्टरमधल्या ७ इंची डायफ्रॅमवर (रबरी पडद्यावर) २० इंच व्हॅक्यूमचा जोर हिशेबाने साधारण १७० किलो भरतो. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना व्हॅक्यूम सुमारे इंचभर घटतो, त्यामुळे मालवणात जेमतेम पुरणारा बूस्टर आंबोलीच्या माथ्यावर लंगडा पडतो. डिझेल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये पुरेसा व्हॅक्यूम तयारच होत नाही, तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. होजही व्हॅक्यूमचाच घ्या, पाण्याचा होज आत खेचला जाऊन चपटा होतो.

बूस्टरच्या पुशरॉडला मास्टरच्या पिस्टनपासून अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक ठेवा. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची गोळी मध्ये दाबून जाडी मोजता येते. मोकळीक नसेल तर तेल परतायचं भोक बंद राहतं, ब्रेक धरून राहतात आणि ड्रम तापतात. लाइनमध्ये बसणारा रिमोट बूस्टर घेतलात तर तो चाकाच्या शिंतोड्यांपासून दूर लावा आणि त्याच्या हायड्रॉलिक सिलिंडरचं तेल बाहेर पडायचं टोक वर ठेवा. पुढे कधी कुठेही गळती नसताना तेल कमी होऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, तर बूस्टरचं सील गेलं आणि इंजिन ब्रेक ऑइल पितंय असं समजा.

ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या. ते हवेतली ओल शोषतं: कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळणारं ओलं झाल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतं. उघडलेली बाटली पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका. एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचं डावं असतं. रिमोट बूस्टरला निपल असेल तर आधी तिथली एअर काढा.

काढलेले मूळ पार्ट तेल लावून पेटीत ठेवा. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार गाडी मूळ स्वरूपात लागते, तेव्हा बदल करण्यापूर्वीच आरटीओत विचारून घ्या.

चाचणी अशी: इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबा, कडक झालं की दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. मग सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाने दहा-बारा ब्रेक मारा आणि थांबून चारही ड्रमांजवळ हात नेऊन बघा. एखादा जास्त तापलेला असेल तर ते चाक पुन्हा उघडा. पहिला घाट उतरताना इंजिन चालू आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं तर बूस्टरमधली साठवण दोन-तीन दाबांतच संपते आणि पुढचं वळण सगळं पायाच्या ताकदीवर घ्यावं लागतं.