म्हाताऱ्या माणसांचं पोट साफ राहावं म्हणून

घरातल्या वडीलधाऱ्यांचं पोट साफ होत नसेल तर चूर्ण आणायच्या आधी त्यांचं खाणं आणि पाणी दोन-चार दिवस नीट बघा. आमच्या परळच्या चाळीत संडास मजल्याच्या टोकाला. रात्री उठावं लागू नये म्हणून सासूबाई दुपारनंतर पाण्याला हात लावत नसत. त्यात सकाळी चहा-पाव, दोन्ही वेळेला मऊ भात. पांढरा तांदूळ असो की मैदा, १०० ग्रॅममध्ये फायबर, म्हणजे न पचणारा चोथा, जेमतेम ३ ग्रॅम. ज्वारी, बाजरी, नाचणीत १० ते ११.

पण दात नसलेल्या माणसाला भाकरी द्यायची कशी? तव्यावरून उतरली की गरम असतानाच बारीक कुस्करायची, वर पातळ आमटी घालून दहा मिनिटं झाकून ठेवायची. बोटांनी दाबली की विरघळली पाहिजे. मोडाचे मूग सालासकट कुकरला मऊ शिजवा, पालेभाजी बारीक चिरून डाळीत घाला, शिराळं कोवळं असेल तर किसून भाजी करा. पिकलेली पपई आहेच. गव्हाचं पीठ चाळून कोंडा फेकू नका.

हे सगळं एकदम सुरू करू नका, आठवड्याला एकच बदल. फायबरचा काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याच्या अस्तराला पोसतात, पण त्याच वेळी वायूही होतो. घाई केली तर पोट फुगतं, आणि म्हातारं माणूस ताटच सरकवतं.

पाण्याशिवाय फायबर वाढवलं तर मल आणखी घट्ट होतो. म्हणून बहुतेक पाणी, ताक, सार संध्याकाळी पाचच्या आत पोटात जाऊ द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती ते डॉक्टरांनाच विचारा. इसबगोल भरपूर पाण्यात, घट्ट व्हायच्या आत, बसून प्यायचं. औषधाच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायचं. गिळायला त्रास असेल तर देऊच नका.

सकाळच्या खाण्यानंतर आतडी आपोआप हलतात. चाळीत नेमकी तेव्हाच संडासाला रांग असते आणि आजी-आजोबा कळ दाबून बसतात. त्यांचा नाश्ता गर्दीच्या अर्धा तास आधी उरका. घरात कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल द्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी, खोकल्याच्या काही औषधांनीही मलावरोध होतो, तेव्हा गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बरेच दिवस खडा होऊन मग अचानक पातळ गळायला लागलं, तर जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. आत खडा अडकून त्याच्या कडेने ते झिरपत असू शकतं; डॉक्टरांनी तपासायलाच हवं. रक्त पडणं, वजन उतरणं, काळं डांबरासारखं होणं, यातलं काही दिसलं तरी लगेच दाखवा. पोट फुगून उलट्या होत असतील तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.