जुना पेंटियम बोर्ड : काय बदलायचं आणि कुठं हात आवरायचा

बेळगावात उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या शेडात नाहीतर शहापूर-वडगावकडच्या एखाद्या पत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये अजून एखादा पिवळा पडलेला डेस्कटॉप चालू दिसतो, आणि बघणारा लगेच म्हणतो काढून टाका की हे भंगार, नवा घ्या. नवा घेऊन काय करायचं सांगा, कारखान्यातल्या मशीनला जोडलेलं कार्ड आयएसए नावाच्या जुन्या स्लॉटचं आहे आणि आताच्या बोर्डावर तो स्लॉटच येत नाही, प्रेसवाल्याच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक मागं पॅरलल पोर्टला लटकलंय. म्हणून असला जुना बोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, जगवायचा असतो. खाली लिहिलंय ते सॉकेट ७ च्या बोर्डाबद्दल, म्हणजे ज्याच्या खाचेत पेंटियम, पेंटियम एमएमएक्स आणि एएमडीचे के६ वगैरे प्रोसेसर बसतात. त्याआधीच्या ४८६ प्रोसेसरचं प्रकरण वेगळं, त्यात आत्ता जात नाही.

पहिलं काम म्हणजे हार्डडिस्कची पूर्ण कॉपी काढून ठेवा, बाकी सगळं नंतर. आणि दुसरं, चालू मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन (सुरू होताना डिलीट दाबायचं) प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो मारून ठेवा. बोर्डावरचा सेल काढला की हे सगळं पुसलं जातं आणि मग हार्डडिस्कचे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे काय होते ते कुणालाच आठवत नाही.

कॅबिनेट उघडायच्या आधी प्लग भिंतीतनं काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एटी टाईपच्या कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत जाड वायरीतनं थेट २३० व्होल्ट आलेले असतात, आणि त्या बटणामागची टोपणं इतक्या वर्षांत सैल झालेली असतात. एसएमपीएसचे (वीज देणाऱ्या डब्याचे) बोर्डाला लागणारे दोन कनेक्टर, पी८ आणि पी९, काढताना सोपे पण परत लावताना उलटसुलट बसू शकतात, तेव्हा एकच लक्षात ठेवा, दोन्हीच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकीला चिकटून आल्या पाहिजेत. चुकलं की बोर्ड गेलाच समजा.

साफसफाईला ब्रश वापरा, मऊ. शेडातला कॉम्प्रेसर हाताशी असतो म्हणून त्याची हवा मारू नका, त्यात पाणी आणि तेल दोन्ही येतं. आणि फाउंड्रीजवळच्या मशीनमधली धूळ ही साधी धूळ नसते, त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो दोन पिनांच्या मधे बसला आणि वर पावसाळ्याची ओल मिळाली की मशीन कधी चालू होतं कधी होत नाही, आणि लोक रॅमला शिव्या घालत बसतात. स्लॉटचे दात आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, रॅमच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा आणि रबराचा भुगा झटकून टाका. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर आडवा प्रकाश टाकून बघा, डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी काहीतरी सुकलेलं दिसलं तर अपग्रेडचा विचार सोडा, आधी ते बदलून घ्या.

आता बोर्ड ओळखायचा. मॅन्युअल तर कधीच गेलेलं असतं. अवॉर्ड कंपनीचा बायोस असेल तर मशीन सुरू होताना पॉज दाबा, स्क्रीनच्या तळाला एक लांब ओळ दिसेल, त्यात २ए५९जी असं आलं की इंटेलचा ४३०व्हीएक्स चिपसेट (बोर्डाचा कारभार बघणाऱ्या मुख्य चिपा), २ए५९आय आलं की ४३०टीएक्स. ही ओळ कागदावर उतरवा, पुढं सगळं तिच्यावर आहे. जंपरचा (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्यांचा) तक्ता बहुतेक वेळा बोर्डावरच बारीक पांढऱ्या अक्षरात छापलेला असतो, कधी कधी आयएसए कार्डाच्या खाली.

प्रोसेसर बदलायचा असेल तर सगळ्यात आधी व्होल्टेज, वेग नंतर. साध्या पेंटियमच्या पोटावर नंबरापुढं तिरकी रेघ मारून तीन अक्षरं असतात, पहिलं अक्षर एस असेल तर ३.३ व्होल्ट, व्ही असेल तर ३.५ च्या आसपास. एमएमएक्स आला जानेवारी १९९७ मध्ये आणि त्याला दोन व्होल्टेज लागतात, आतल्या कोअरला २.८ आणि बाहेरच्या पिनांना ३.३. बोर्ड जुना, एकाच व्होल्टेजचा असेल तर एमएमएक्स त्यात बसतो, चालूही होतो, आणि तापून तापून मरतो. म्हणून बसतोय म्हणून लावून सोडला असं करायचं नाही, बोर्डावर कोअर व्होल्टेजचे वेगळे जंपर आहेत का ते बघायचं, नसतील तर विषय संपला.

वेगाचं गणित सोपं आहे, बसचा, म्हणजे बोर्डाच्या मुख्य वाहिनीचा, वेग (मेगाहर्ट्झमध्ये) गुणिले मल्टिप्लायर. ६६ गुणिले २.५ म्हणजे १६६, गुणिले ३ म्हणजे २००. मल्टिप्लायरचे जंपर बीएफ० आणि बीएफ१ नावानं असतात. गंमत २३३ च्या एमएमएक्सची आहे, त्याला ३.५ लागतो आणि बोर्डावर ३.५ लिहिलेलंच नसतं, तिथं १.५ चा जंपर लावायचा, प्रोसेसर स्वतःच त्याला ३.५ समजतो. तसंच के६-२ चे ४०० आणि त्यावरचे, ते २ ला ६ धरतात, म्हणजे ६६ च्या बोर्डावरसुद्धा ४०० मिळतात, फक्त बोर्डानं २.२ व्होल्ट द्यायला पाहिजेत.

पण मी म्हणेन ४०० च्या नादाला लागू नका. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले जुने डॉस प्रोग्राम, आणि मशीनवरचे कितीतरी असलेच असतात, वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच रनटाईम एरर २०० देऊन बंद पडतात, आणि विंडोज ९५ एएमडीच्या ३५० च्या पुढच्या प्रोसेसरवर पॅचशिवाय रुसतं. १६६ किंवा २०० चा एमएमएक्स हाच बरा मुक्काम. बसवताना झिफ सॉकेटची दांडी सरळ उभी करा, प्रोसेसरचा एक कोपरा कापलेला असतो तो सॉकेटच्या तशाच कोपऱ्यावर आणा, तो आपोआप खाली पडला पाहिजे, दाबायची वेळ आली म्हणजे कुठलीतरी पिन वाकलीय. थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, आणि पंखा नवा घ्या, जुन्याला तेल सोडून तो फार तर दिवाळीपर्यंत चालेल.

रॅमच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात. व्हीएक्स आणि टीएक्स दोन्ही चिपसेट कॅशेखाली (प्रोसेसरसाठीच्या वेगवान साठ्याखाली) फक्त ६४ एमबी घेतात. टीएक्सवर २५६ एमबी बसते, दिसतेही, पण ६४ च्या वरची सगळी कॅशेशिवाय चालते, आणि विंडोज ९५-९८ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला घेतं, म्हणजे नेमकी ती मंद बाजूच आधी. पैसे घालून मशीन हळू करून घेण्याचा प्रकार की! ६४ एमबीवर थांबा. ७२ पिनच्या सिम (रॅमच्या जुन्या पट्ट्या) असतील तर जोडीनंच लावायच्या, एकसारख्या दोन, कारण पेंटियमची बस ६४ बिटची आणि एक सिम ३२ बिटची. सिम आणि १६८ पिनचे डिम (नंतरच्या पट्ट्या) एकत्र लावू नका, सिम ५ व्होल्टची, डिमवरची एसडीरॅम ३.३ ची.

खरा फरक पडतो तो डिस्कनं. कुरकुरणारी हार्डडिस्क काढा आणि आयडीई ते कॉम्पॅक्ट फ्लॅश अडॅप्टरवर ४ जीबीचं मेमरी कार्ड लावा, शक्यतो इंडस्ट्रियल. मोठं घेऊन उपयोग नाही, बऱ्याच बायोसना ८.४ जीबीच्या वरचं दिसत नाही आणि काही ३२ जीबीच्या डिस्कवर सुरू होतानाच अडकून बसतात. केबलची लाल कड एक नंबर पिनकडे, जंपर मास्टरवर. मग बायोसमध्ये ऑटो डिटेक्शन करून एलबीए मोड निवडा. कॉपी केलेली डिस्क बूट होत नसेल तर बहुतेक वेळा आधीच्या फोटोतला मोड लार्ज किंवा नॉर्मल निघतो, तोच ठेवा.

प्रेसवाल्यांनी बायोसमध्ये पॅरलल पोर्टचा पत्ता ३७८ आणि आयआरक्यू ७ आहे का बघावं. लॉक सापडत नाही म्हणून आलं तर पोर्टचा मोड ईसीपीवरनं साध्या एसपीपीवर आणून बघा, सॉफ्टवेअर परत टाकायच्या आधी हेच करायचं.

सेल सीआर२०३२ असेल तर बदलायला मिनिटाचं काम. त्याजागी काळी ठोकळ्यासारखी डॅलसची डीएस१२८८७ चिप असेल तर सेल तिच्या पोटातच असतो, ती सॉकेटवर असली तर बरं, नाहीतर झाळ काढणाऱ्या माणसाकडं न्यावं लागतं. बायोस फ्लॅश करणं (त्यातला प्रोग्राम नवा भरणं) मात्र गरज नसताना नकोच, आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, करायचंच झालं तर यूपीएसवर आणि जुन्या बायोसची प्रत फ्लॉपीवर घेऊन.

सगळं जोडून चालू केल्यावर एक लांब आणि दोन आखूड बीप आले तर अवॉर्डच्या भाषेत डिस्प्ले कार्ड नीट बसलेलं नाही, लांब बीप वाजतच राहिले तर रॅम. तासभर कॅबिनेट उघडंच ठेवून चालवा, मधे मधे हीटसिंकला बोट लावा, बोट ठेवता येत नसेल तर लगेच बंद करून कोअर व्होल्टेजचा जंपर परत बघा. झाकण लावताना मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या न विसरता लावा, तिथनं पाली आत जातात आणि एसएमपीएसमध्ये चिकटतात.