नवं शिवण घटलं, तेव्हा जीन्सची उंची

नवं शिवायला येणारे घटले, पण तयार कपडेही अंगावर बेतावेच लागतात. माझं काम टिकलं ते जीन्सची मूळ किनार राखून उंची कमी करण्यावर. पँट आधी धुतलेली हवी, नंतर आटली तर माप चुकतं. ४ सेंमी कमी करायची तर किनार बाहेरून वर दुमडून, किनारीच्या मूळ टिपेपासून घडीपर्यंत २ सेंमी ठेवायचे आणि त्या टिपेला अगदी लागून शिवायचं. सुई १६ नंबरची. बाजूच्या जाड शिवणीवर टाके हमखास सुटतात, कारण मशिनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, तिरपा होतो. शिवण हातोडीने ठोकून चपटी करावी, पायाच्या मागे जीन्सचा दुमडलेला तुकडा सरकवावा. गिऱ्हाइकाने घालून बघेपर्यंत कात्री लावू नये. मग १ सेंमी राखून कापावं, दोरे सुटू नयेत म्हणून कापलेल्या कडेला ओव्हरलॉक करावं आणि किनार खाली सोडून आतली शिवण वरच्या बाजूला इस्त्रीने दाबावी.