प्रिंटरचा आयपी कुणी पळवला? ड्रायव्हर उडवण्याआधी या चुका टाळा

एका टेबलावरून प्रिंट निघते, शेजारच्या टेबलावर तोच प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. अर्ध्या तासाने उलटं. कुणीतरी उठून प्रिंटर बंद-चालू करतं, दुपारपर्यंत बरं चालतं, मग पुन्हा रडगाणं. अशी लक्षणं ऐकली की माझा संशय थेट आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणाच्या पत्त्यावर, जातो. एकच पत्ता दोन उपकरणांकडे गेलेला असतो. कॉम्प्युटर नेटवर्कवर विचारतो, हा पत्ता कुणाचा? दोघंही 'माझा' म्हणतात. ज्याचं उत्तर कॉम्प्युटरने धरून ठेवलं, त्याच्याकडे प्रिंट जाते. म्हणून एकाचं चालतं आणि एकाचं नाही. प्रिंटर खरोखर बिघडला असता तर सगळ्यांचंच बंद पडलं असतं, एवढा विचार तरी करावा की नाही!

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणे

ही चूक पाहून आता कंटाळा आलाय. पुण्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात गेलो तेव्हा जुलैचा शेवटचा आठवडा होता. ३१ तारखेच्या आत रिटर्न भरायचे, टेबलांवर फायलींचे ढीग, आणि प्रिंटर रुसलेला. कॉम्प्युटर उघडला तर प्रिंटरच्या यादीत तेच मॉडेल 'कॉपी १', 'कॉपी २', 'कॉपी ३' अशा नावांनी ओळीत बसलेलं. जो येईल त्याने ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला होता. आधीच्या माणसाने तर प्रिंटरचं नेटवर्क कार्ड गेलंय असं सांगून नव्याचं कोटेशनही देऊन ठेवलं होतं.

आर्टिकलशिप करणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, हसू नका, पण साहेब आले की प्रिंटर बंद पडतो." बाकीची पोरं खिदळली. मी मात्र कान टवकारले, कारण बिघाडाला वेळ असेल तर त्याला कारणही असतं. साहेब अकराच्या सुमारास यायचे. सकाळी लवकर आणि ते गेल्यावर संध्याकाळी प्रिंटर झकास चालायचा.

अशा वेळी मी एकच गोष्ट आधी करतो. प्रिंटरची नेटवर्क केबल काढतो आणि लॅपटॉपवरून प्रिंटरच्याच पत्त्याला पिंग मारतो, म्हणजे 'आहेस का?' असं विचारतो. (प्रिंटर वायफायवर असेल तर तो सरळ बंद करायचा.) केबल टेबलावर पडलेली आणि पिंगला उत्तर येतंय, म्हणजे त्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी राहतंय. तिथे १९२.१६८.१.१०५ वरून उत्तर आलं. मग एआरपीची यादी काढली, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या उपकरणाकडे आहे याची कॉम्प्युटरने धरून ठेवलेली नोंद. कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजीत एआरपी, जागा सोडून डॅश आणि ए. त्यात या पत्त्यासमोर जो मॅक आयडी (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) दिसला, तो प्रिंटरने काढून दिलेल्या कॉन्फिगरेशनच्या कागदावरच्या मॅक आयडीशी जुळेना. राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तो शोधला, तर समोर साहेबांच्या मोबाइलचं नाव. पोरगं बरोबर होतं.

कारण साधं होतं. कुणीतरी प्रिंटरवर हाताने १०५ टाकला होता आणि राउटरचा डीएचसीपी पूल, म्हणजे तो आपोआप वाटतो त्या पत्त्यांचा साठा, होता १०० ते १९९. हे राउटरला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या वहीत १०५ मोकळा, म्हणून त्याने तो फोनला देऊन टाकला. काही राउटर पत्ता देण्याआधी पिंग मारून पाहतात, पण त्या क्षणी प्रिंटर बंद असेल तर उत्तर कोण देणार? आणि एकदा दिलेला पत्ता राउटर त्याच फोनला पुन्हापुन्हा देतो. म्हणून रोज तेच दुखणं.

आता उपाय. बहुतेक जण इथे प्रिंटरचा पत्ता बदलतात आणि मग प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन पोर्ट (प्रिंट कोणत्या पत्त्यावर पाठवायची ते सेटिंग) बदलत बसतात. एखादा कॉम्प्युटर हमखास राहतो, आणि तो नेमका अकाउंट्सचा असतो. माझी सवय वेगळी आहे: प्रिंटर हलवायचा नाही, पूल हलवायचा. राउटरमध्ये पूलची सुरुवात १०० ऐवजी १२० केली, साहेबांच्या फोनचं वायफाय बंद-चालू करून त्याला नवा पत्ता मिळाला हे पाहिलं, केबल लावली. काम संपलं. वेळ गेला तो 'कॉपी १', 'कॉपी २' पुसण्यात.

एक सावधगिरी. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. विंडोजचं फायरवॉल बरेचदा पिंग गिळून टाकतं, पण एआरपीला उत्तर देतं. तेव्हा आधी एआरपीची जुनी यादी पुसा, पिंग मारा, आणि उत्तर येवो न येवो, यादी पाहाच. मॅक आयडीच्या पहिल्या सहा आकडे-अक्षरांवरून उपकरण कोणत्या कंपनीचं ते कळतं. मोबाइल मात्र इथे चकवतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक आयडी न देता बनवलेला देतात.

सगळं बंद करून चालू करणे

हा रामबाण उपाय कुणी शिकवला देव जाणे. राउटर रिस्टार्ट केला की काही वेळ सगळं सुरळीत होतं हे खरं, पण पुरावाही पुसला जातो. स्वस्तातले अनेक राउटर कुणाला कोणता पत्ता दिला ते बंद पडताना विसरतात आणि चालू झाल्यावर नव्याने वाटप सुरू करतात. म्हणजे आज प्रिंटरशी भांडणारा फोन उद्या दुसऱ्याशी भांडेल, आणि तुम्ही म्हणाल 'आपोआप बरं झालं'. भोसरी-चाकणकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की शुक्रवारी मला फोन येतात ते याचमुळे. राउटरला छोटा यूपीएस लावा. त्याला लागते ती वीज किरकोळ असते. आणि रिस्टार्ट करायचाच असेल तर आधी एआरपीच्या आणि राउटरच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत असलेल्या माणसाला ते दोन तासांचं वाटतं.

रिझर्व्हेशन केलं, पण भलत्याच मॅक आयडीला

रिझर्व्हेशन म्हणजे एका मॅक आयडीसाठी राउटरमध्ये राखून ठेवलेला पत्ता. प्रिंटरला केबलचा एक मॅक आयडी असतो आणि वायफायचा दुसरा. प्रिंटर केबलवर, रिझर्व्हेशन वायफायच्या आयडीला, असं कितीतरी ठिकाणी सापडतं. कॉन्फिगरेशनच्या कागदावर बहुधा दोन्ही छापलेले असतात, वाचा. जे वापरत नाही ते वायफाय प्रिंटरमधून बंदच करून टाका.

स्टॅटिक (उपकरणावर हाताने टाकलेला पत्ता) की रिझर्व्हेशन, यावर लोक वाद घालतात. मी प्रिंटरवरच पत्ता टाकतो, पूलच्या बाहेरचा. इंटरनेटवाला राउटर बदलून गेला की सगळी रिझर्व्हेशन त्याच्याबरोबर जातात. स्टॅटिकचीही अडचण आहे म्हणा: पत्त्यांची रेंज बदलली की प्रिंटर एकटाच मागे राहतो. जिओफायबरचा राउटर १९२.१६८.२९.१ वर येतो, तुमचा प्रिंटर अजून १९२.१६८.१ च्या घरात, आणि ऑफिस म्हणतं 'आयपी कॉन्फ्लिक्ट झालाय'. झालेला नसतो. नव्या राउटरची रेंज जुन्यासारखी करून घ्या.

केबिनमध्ये रेंज येत नाही म्हणून घरचा जुना राउटर आणून लावणे

त्याचा डीएचसीपी बंद न करता लॅन पोर्टमध्ये केबल खुपसली की ऑफिसात पत्ते वाटणारे दोन होतात, आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. त्यात दोन्ही राउटर १९२.१६८.०.१ वरचे निघाले तर प्रिंटर राहू द्या, इंटरनेटही जातं. डीएचसीपी बंद करा, राउटरचा स्वतःचा पत्ता बदला, मगच केबल लावा. याच क्रमाने.

सीसीटीव्हीवाला आणि हजेरीवाला यांना मोकळं सोडणे

हे लोक येतात, आपल्या मशीनला मनाला येईल तो पत्ता देतात आणि जातात. काही तर कारखान्यातून आलेलाच ठेवतात. झेडकेटेकोची बरीच हजेरी मशीनं १९२.१६८.१.२०१ घेऊन येतात, दाहुआचे रेकॉर्डर १९२.१६८.१.१०८. तुमचा प्रिंटर या पत्त्यांवर असेल तर आजच हलवा. माझ्याकडे प्रिंटर २१ पासून, कॅमेरे ३१ पासून, हजेरी ४१, आणि पूल १०० च्या पुढे. प्रत्येक मशीनवर पत्ता लिहिलेली पट्टी चिकटवतो. दिसायला वाईट दिसते, दिसू द्या.

उरलेल्या किरकोळ

झेरॉक्स मशीन दुरुस्तीला गेलं की बदली मशीन त्याच पत्त्यावर लावतात. मूळ मशीन परत आल्यावर बदलीची केबल काढायला विसरू नका, नाहीतर पगारपत्रकं भलत्याच मजल्यावर छापून निघतील.

विंडोजमध्ये डब्ल्यूएसडी पोर्ट (विंडोज स्वतःच प्रिंटर शोधून बनवतं तो) ठेवू नका, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट (ज्यात पत्ता आपण टाकतो तो) करा.

पिंग नीट, एआरपी नीट, प्रिंटही निघते आणि तरी 'ऑफलाइन' दिसतं? पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारण्याची) खूण काढा.

कॉम्प्युटरचाच पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून काही मिळालेलंच नाही. आधी राउटर आणि केबल बघा, प्रिंटरला हात लावू नका.